मागच्या सीटवरच्या मुलांसाठी रस्ता सुरक्षा मोहीम: ती उपयोगी पडली हे कशावरून ठरवायचे?

ओंजळ

मी सातारा जिल्ह्यातील एका कनिष्ठ महाविद्यालयात शिकवते आणि गेली सहा वर्षे राष्ट्रीय सेवा योजनेचे काम पाहते. जानेवारीत रस्ता सुरक्षा अभियान आले की आम्ही व्याख्यान, पथनाट्य, फेरी आणि शपथ असा कार्यक्रम करतो आणि शेवटी अहवाल पाठवतो. अहवालात उपस्थित विद्यार्थी किती, शपथ घेतलेले किती आणि छायाचित्रे एवढेच मागितलेले असते. अलीकडे सप्ताहाचा महिना झाला, त्यामुळे कार्यक्रमांची संख्या वाढली. अहवालातले रकाने तेच राहिले.

गेल्या वर्षी आमची अकरावीतील एक विद्यार्थिनी क्लासहून परतताना मैत्रिणीच्या स्कूटरवरून पडली. ती मागे बसली होती. मांडीचे हाड मोडले आणि तिचे जवळजवळ अख्खे सत्र घरात गेले. त्या वर्षीच्या व्याख्यानाला ती हजर होती, शपथ घेणाऱ्यांत होती आणि पथनाट्यात तिने वाहतूक पोलिसाची भूमिकाही केली होती. मी भेटायला गेले तेव्हा ती म्हणाली, “मॅडम, ही आता ट्रकच्या डाव्या बाजूने घुसणार हे मला दिसत होते. मी नुसता तिचा खांदा घट्ट धरला.” तिला नियम ठाऊक होता, धोका दिसला होता आणि बोलायला दोन-तीन सेकंद तरी नक्की होते. तरी ती बोलली नाही. आमच्या कार्यक्रमात त्या दोन-तीन सेकंदांसाठी काहीच नव्हते, हे मला त्या दिवशी कळले.

आपल्या मोहिमा हँडल धरणाऱ्याशी बोलतात. हळू चालवा, हेल्मेट घाला, मोबाइल वापरू नका, ही सगळी वाक्ये त्याच्यासाठी असतात. सोळा-सतरा वर्षांची बहुतेक मुले मात्र रस्त्यावर मागे बसलेली असतात. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या 2022 च्या अहवालानुसार हेल्मेट न घातलेल्या 50,029 व्यक्ती त्या वर्षी अपघातांत मरण पावल्या, आणि त्यांपैकी 14,337 मागे बसलेल्या होत्या. सीटबेल्ट न लावता मरण पावलेल्या 16,715 जणांमध्ये 8,384 चालक आणि 8,331 प्रवासी होते, म्हणजे जवळपास निम्मे निम्मे. हे आकडे सर्व वयांचे आहेत, पण मागे बसणाऱ्याला मोहिमेत स्वतंत्र जागा का हवी हे त्यांवरून पुरेसे स्पष्ट होते.

यावर वाचताना मला नॉर्वेतील एक मोहीम सापडली. त्या देशाच्या पश्चिमेकडील सोग्न ओग फ्योराने या तेव्हाच्या प्रांतात 1990 च्या दशकात सोळा ते एकोणीस वर्षांच्या मुलांसाठी ‘बोला!’ अशा अर्थाच्या नावाची मोहीम राबवली गेली. गाडी धोकादायक चालवली जात असेल तर प्रवाशाने तसे स्पष्ट सांगावे, एवढीच तिची मुख्य मागणी होती. 1999 मध्ये प्रसिद्ध झालेल्या मूल्यमापनानुसार या वयोगटातील जखमी आणि मृत मोटार-प्रवाशांच्या संख्येत तीस टक्क्यांच्या आसपास घट झाली होती. अपघातांचा सर्वसाधारण कल आणि योगायोगाचा भाग वजा करून काढलेला हा निष्कर्ष आहे, म्हणून तो मला महत्त्वाचा वाटतो.

यंदा मला पहिल्यांदाच मागे बसणाऱ्या मुलांसाठी वेगळी मोहीम करायची आहे, आणि त्याआधी ती मोजायची कशी हे ठरवायचे आहे. आमचे महाविद्यालय लहान आहे आणि पैसे नाहीत. सांख्यिकी, वैद्यकीय किंवा मुलांसोबतच्या कामाचा अनुभव असलेल्या सभासदांनी कृपया सविस्तर लिहावे.


संख्यारेषा

ओंजळताई, प्रश्न अगदी योग्य जागी विचारला आहे. मी सांख्यिकी शिकवतो, म्हणून आधी एक सावधगिरीची सूचना करतो. तुमच्या महाविद्यालयातील अपघातांची संख्या हे मोहिमेचे माप म्हणून वापरू नका. हजार-बाराशे विद्यार्थ्यांमध्ये वर्षाला गंभीर अपघात एक, दोन किंवा शून्य होतील. गेल्या वर्षी दोन झाले आणि यंदा एकही झाला नाही, तर मोहिमेने शंभर टक्के यश मिळवले असे कोणीही लिहील, आणि ते खोटे असेल.

यातला दुसरा धोका अधिक फसवा आहे. मोहीम साधारणपणे कधी सुरू होते? एखादे वर्ष फार वाईट गेले, गावात हळहळ झाली, वर्तमानपत्रांत बातम्या आल्या की. असामान्य वाईट वर्षानंतरचे वर्ष बहुधा सरासरीकडे परत येतेच, मग मोहीम करा किंवा नका करू. ज्या वर्षाने आपल्याला जागे केले, त्याच वर्षाशी तुलना केली तर कोणतीही मोहीम यशस्वी ठरते. नॉर्वेच्या अभ्यासकांनी नेमकी हीच घसरण हिशेबात धरली होती. शिवाय त्यांच्यासमोर अख्ख्या प्रांताचे आकडे होते, आपल्यासमोर एक महाविद्यालय आहे.

तेव्हा अपघाताच्या एक पायरी अलीकडचे काही मोजावे लागेल, आणि ते केवळ ‘माहिती वाढली का’ असे असून चालणार नाही. तुमच्या विद्यार्थिनीची माहिती पूर्ण होती. मोजायचे आहे ते वर्तन: मागे बसलेल्या मुलाला भीती वाटली तेव्हा त्याने काय केले? हे मोहिमेपूर्वी एकदा, नंतर महिन्याभराने आणि पुन्हा सहा महिन्यांनी मोजा. सहा महिन्यांची मोजणी टाळू नका, कारण अशा कार्यक्रमांचा पहिल्या आठवड्यातला उत्साह पुढे ओसरतो. जमल्यास जवळच्या दुसऱ्या महाविद्यालयात, जिथे ही मोहीम होणार नाही, त्याच दिवशी तीच मोजणी करा. तुलनेला दुसरा गट नसेल तर पावसाळा, परीक्षा, पोलिसांची एखादी कारवाई, या सगळ्यांचा परिणाम मोहिमेच्या खात्यावर जमा होईल.


वॉर्ड चार

मी अस्थिरोग विभागात परिचारिका आहे. मागे बसलेल्यांच्या दुखापती मी रोज पाहते. चालवणाऱ्याला समोरचे दिसते, त्यामुळे धडकेपूर्वी त्याचे शरीर सावरते. मागच्याला बहुतेक वेळा काही कळायच्या आत तो फेकला गेलेला असतो. मुली एका बाजूला दोन्ही पाय सोडून बसल्या असतील तर पकड आणखी कमी असते.

मला इथे लिहायचे आहे ते भीती दाखवणाऱ्या कार्यक्रमांविषयी. आमच्या रुग्णालयात एका संस्थेने शाळकरी मुलांना वॉर्ड दाखवायला आणले होते. टोरोंटोच्या सनीब्रूक रुग्णालयात 1986 मध्ये अशा प्रकारचा एक कार्यक्रम सुरू झाला आणि पुढे तो अनेक देशांत गेला. तिथे मात्र आखलेला अभ्यासक्रम, प्रशिक्षित माणसे आणि मुलांशी नंतरची चर्चा हे सगळे असते. आमच्याकडे मुलांना थेट पाय कापलेल्या रुग्णापुढे उभे केले गेले. दोन मुली रडल्या, एका मुलाला चक्कर आली आणि सोबतचे शिक्षक जाताना समाधानाने म्हणाले की कार्यक्रम अतिशय परिणामकारक झाला. त्या रुग्णाला काय वाटले असेल हे कोणी विचारले नाही, आणि त्याचे मला आजही फार वाईट वाटते.

मुलांच्या डोळ्यांतले पाणी हे परिणामाचे माप मानू नका, अशी माझी विनंती आहे. भीतीविषयीच्या संशोधनात किम विटे यांनी 1992 मध्ये मांडलेले एक प्रारूप मला आमच्या आरोग्यशिक्षणाच्या अभ्यासक्रमात शिकवले गेले होते. माणसाला धोका मोठा वाटला आणि त्यावर आपण काही करू शकतो असाही विश्वास वाटला, तर तो कृती करतो. धोका मोठा वाटला पण हातात काहीच नाही असे वाटले, तर तो भीतीच दडपून टाकतो, विषय टाळतो किंवा हसण्यावारी नेतो. मागे बसलेल्या मुलाच्या हातात हँडलही नसते आणि ब्रेकही नसतो, त्यामुळे नुसती भीती दाखवण्याचा उलटा परिणाम त्याच्यावर होण्याची शक्यता सर्वांत जास्त आहे. त्याला करता येण्याजोगी एक कृती शिकवल्याशिवाय त्याला घाबरवू नये.


यारातीर

मी मेलबर्नला राहतो. इथे माझ्या मुलीला नुकताच लाल ‘पी’ पाटीचा परवाना मिळाला आहे. व्हिक्टोरिया राज्यात या पहिल्या टप्प्यातल्या चालकाला सोळा ते एकवीस वर्षांचा एकच मित्र गाडीत घेता येतो. भावंडांना सवलत आहे. हा नियम 2008 पासून आहे. सुरुवातीला मला तो जाचक वाटला, पण त्यामागचे कारण समजल्यावर मत बदलले. 2000 साली अमेरिकन वैद्यक संघटनेच्या नियतकालिकात आलेल्या अभ्यासात असे दिसले होते की सोळा वर्षांच्या चालकाचा मृत्यूचा धोका, तो एकटा असतानाच्या तुलनेत, एक प्रवासी असताना 39 टक्क्यांनी, दोन असताना 86 टक्क्यांनी आणि तीन किंवा अधिक असताना 182 टक्क्यांनी वाढतो. म्हणजे समवयस्क प्रवासी गाडीत आहे एवढ्यानेच धोका वाढतो. तो गप्प राहिला तरी, आणि चेव आणणारा असेल तर अर्थातच अधिक.

यावरून मोहिमेला दोन बाजू आहेत असे मला वाटते. प्रवाशाने धोका दिसल्यावर बोलावे ही एक, आणि त्याने स्वतः धोका वाढवू नये ही दुसरी. ‘अजून दाब की’ म्हणणारा, रील काढायला मागून फोन पुढे धरणारा, तिसरा म्हणून मध्येच घुसणारा, हे सगळे प्रवासीच आहेत. तुमच्या मोजणीत यांना जागा असू द्या.

शेजारच्या न्यू साउथ वेल्समध्ये वीस हजारांहून अधिक तरुण चालकांचा मागोवा घेणारा एक अभ्यास 2009 मध्ये प्रसिद्ध झाला. केवळ वाहन चालवण्यावर भर देणाऱ्या शालेय कार्यक्रमाला गेलेल्यांच्या अपघातांत फरक आढळला नाही. मित्रांचा दबाव, नशा, एकमेकांची काळजी घेणे, संकटात मदत मागणे अशा गोष्टींवर भर देणाऱ्या कार्यक्रमाला गेलेल्यांमध्ये अपघाताचा धोका 44 टक्क्यांनी कमी आढळला.


संख्यारेषा

यारातीर, हा अभ्यास मलाही आवडतो, पण तो निरीक्षणावर आधारलेला आहे. चिठ्ठ्या टाकून शाळा निवडल्या नव्हत्या. ज्या शाळांनी आणि ज्या गावांनी तो दुसरा कार्यक्रम आपलासा केला, ती आधीपासूनच मुलांकडे अधिक लक्ष देणारी असू शकतील. 44 हा आकडा ओंजळताईंनी अहवालात वचन म्हणून लिहू नये. दिशा म्हणून मात्र तो निश्चित उपयोगी आहे.


कऱ्हाकाठ

मी बारावीतल्या मुलाची आई आहे आणि मला एक व्यावहारिक अडचण मांडायची आहे. आपल्या कायद्याप्रमाणे सोळा पूर्ण झालेल्यांना पन्नास सीसीपर्यंतच्याच दुचाकीचा परवाना मिळतो, आणि मुले ज्या स्कूटर चालवतात त्या शंभरच्या पुढच्या असतात. अल्पवयीन मुलाने गाडी चालवली तर मोटार वाहन कायद्याच्या 199अ कलमाप्रमाणे पालक किंवा गाडीमालक दोषी धरला जातो. तीन वर्षांपर्यंत कैद आणि 25,000 रुपये दंड होऊ शकतो. अशा वेळी ‘गेल्या महिन्यात तुम्ही परवाना नसलेल्या मित्राच्या मागे बसलात का’ या प्रश्नाला कोणते मूल खरे उत्तर देईल? ते उत्तर म्हणजे मित्राच्या वडिलांविरुद्ध साक्ष आहे, असेच त्याला वाटेल.

आमच्या मुलांच्या महाविद्यालयात दोन वर्षांपूर्वी सुरक्षारक्षकाने फाटकावर हेल्मेट नसलेल्या गाड्या अडवायला सुरुवात केली. महिन्याभरात आवारातल्या गाड्या जवळजवळ दिसेनाशा झाल्या आणि पालकसभेत त्याचे कौतुक झाले. गाड्या कुठे गेल्या होत्या? मागच्या दोन गल्ल्यांत, लोकांच्या दारांसमोर. संध्याकाळी क्लासच्या बाहेर त्याच गाड्या, त्याच ट्रिपलसीट, तशाच.


ओंजळ

कऱ्हाकाठ, तुमच्या गल्ल्यांच्या निरीक्षणाने माझी अर्धी योजना बदलली. मी फाटकावरच मोजणी करणार होते. आता ती क्लासच्या रस्त्यावर, संध्याकाळी सुटण्याच्या वेळेला, आधी न सांगता करायची असे ठरवते आहे. मोजणारे विद्यार्थी महाविद्यालयाच्या गणवेशात नसतील आणि गाडीचा क्रमांक कोणीही टिपणार नाही. नोंद फक्त तीन गोष्टींची होईल: गाडीवर किती जण, त्यांपैकी हेल्मेट कोणाकोणाला, आणि मागच्याचे हेल्मेट डोक्यावर आहे की हातात.

प्रश्नावलीसाठी नाव नसलेल्या चिठ्ठ्या आणि बंद पेटी ठेवायची. पहिल्या आणि नंतरच्या चिठ्ठ्या एकाच मुलाच्या आहेत हे कळावे म्हणून प्रत्येकाने स्वतःच एक खूण तयार करायची: आईच्या माहेरच्या आडनावाचे पहिले अक्षर आणि स्वतःच्या जन्मतारखेतला दिवस. परवान्याचा प्रश्न विचारायचाच नाही. मला चालवणाऱ्याविषयी माहिती नको आहे, मागे बसलेल्याविषयी हवी आहे.

चिठ्ठीवरचे प्रश्न सध्या असे आहेत. गेल्या तीस दिवसांत तुम्ही मित्र किंवा मैत्रिणीच्या गाडीवर साधारण किती वेळा मागे बसलात? त्यांपैकी किती वेळा भीती वाटली? शेवटची भीती वाटली तेव्हा तुम्ही गप्प राहिलात, काही बोललात की उतरलात? बोलला असाल तर पुढे काय झाले? यांतला शेवटचा प्रश्न माझ्यासाठी सर्वांत मोलाचा आहे. नॉर्वेतील किशोरवयीनांवरच्या एका पुढच्या अभ्यासात बोलण्याच्या तयारीचा संबंध ‘माझ्या बोलण्याने फरक पडेल’ या विश्वासाशी असल्याचे दिसले होते. फरक पडतो की नाही हे आपल्या मुलांचे स्वतःचे अनुभवच सांगू शकतील.


संख्यारेषा

ताई, चिठ्ठी उत्तम आहे, फक्त एक खड्डा दाखवतो. तुम्ही ‘भीती वाटलेल्यांपैकी किती जण बोलले’ असे प्रमाण काढाल. मोहीम चांगली झाली तर पूर्वी ज्यांना भीतीच वाटत नव्हती त्यांनाही आता धोका दिसू लागेल, म्हणजे छेदातला आकडा वाढेल. बोलणाऱ्यांची संख्या वाढूनही प्रमाण कमी झालेले दिसू शकेल, आणि तुम्ही एका यशस्वी मोहिमेला अपयशी ठरवाल. म्हणून भीती वाटलेल्यांची संख्या, बोललेल्यांची संख्या आणि एकूण मागे बसलेल्यांची संख्या, तिन्ही आकडे वेगवेगळे लिहा आणि प्रमाण एकट्याने कुठेही छापू नका.


सदाफुली

मी प्रथम वर्ष विज्ञान शाखेत आहे, म्हणजे दोन वर्षांपूर्वीपर्यंत मी या मोहिमांचा श्रोता होतो. इथे सगळे मोठे सभासद आहेत, तरी धीर करून लिहितो.

मी नेहमी मागे बसायचो, कारण माझ्याकडे गाडी नव्हती. क्लास रात्री आठला सुटायचा आणि आमच्या गावची शेवटची एसटी साडेसातला जायची. बारावीपर्यंतच्या मुलींना एसटीचा पास मोफत आहे, पण गाडीच नसेल तर पास काय करणार? माझा मित्र मला रोज सात किलोमीटर सोडायचा आणि पेट्रोलचे पैसेही घ्यायचा नाही. अशा मित्राला ‘नीट चालव’ म्हणणे म्हणजे उपकार करणाऱ्याच्या चुका काढणे. तो रागावला असता तर दुसऱ्या दिवशी मी घरी कसा गेलो असतो? शपथ घेताना हा प्रश्न माझ्या डोक्यात होता आणि व्याख्यात्यांनी त्याचा उल्लेखही केला नाही.

एकदा मी बोललो होतो. ‘हळू चालव’ म्हटले की तो आणखी जोरात चालवायचा, हे मला ठाऊक होते. म्हणून मी म्हणालो, “मला मळमळतंय, जरा थांब.” तो लगेच थांबला आणि पुढे सावकाश चालवत राहिला. माझ्या एका मैत्रिणीचे वाक्य वेगळे होते: “आई खिडकीत उभी असते, तिने असं पाहिलं तर माझं येणंच बंद होईल.” ही वाक्ये आम्हाला कोणी शिकवली नव्हती, आम्ही एकमेकांकडून उचलली. मोहिमेत अशी वाक्ये मुलांकडूनच गोळा करून, प्रत्यक्ष गाडीवर बसून म्हणून पाहायला लावली तर उपयोग होईल असे मला वाटते. आणि ओंजळ मॅडम, चिठ्ठीत एक प्रश्न वाढवा: त्या दिवशी घरी जायला दुसरा मार्ग होता का?


वॉर्ड चार

सदाफुली, तुझे लिहिणे मी दोनदा वाचले. माझ्या वॉर्डातल्या मुलांना मी आजवर ‘तू बोलला का नाहीस’ असे विचारत आले. यापुढे तसे विचारणार नाही.


ओंजळ

सदाफुलीचा प्रश्न चिठ्ठीत घेतला आहे, आणि तो तिसऱ्या क्रमांकावर, भीतीच्या प्रश्नाच्या लगेच नंतर ठेवला आहे. ज्यांना दुसरा मार्ग नव्हता त्यांची उत्तरे वेगळी मोजेन. तो गट मोठा निघाला तर क्लासचालकांकडे वेळ अर्धा तास अलीकडे आणण्यासाठी आणि एसटी आगाराकडे शेवटची फेरी उशिरा सोडण्यासाठी अर्ज करायचा, आणि तो मोहिमेचाच भाग मानायचा. अर्जाला चिठ्ठ्यांतले आकडे जोडता येतील.

व्याख्यान यंदा ठेवत नाही. त्याऐवजी प्रत्येक तुकडीत एक तास, उभ्या केलेल्या स्कूटरवर दोघे दोघे बसून वाक्ये म्हणण्याचा सराव होईल. पुढे बसलेल्याने कसे ऐकावे याचाही सराव त्यातच घ्यायचा आहे. जी विद्यार्थिनी पडली होती तिला मी सहज विचारले, तर ती पहिल्या तुकडीत मागे बसायला तयार आहे.

पहिली मोजणी डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात करायची आहे. तुलनेसाठी सातारा किंवा सांगली भागातले एखादे महाविद्यालय हवे आहे. त्यांना यंदा फक्त चिठ्ठ्या भरून घ्याव्या लागतील आणि दोन संध्याकाळी रस्त्यावर उभे राहावे लागेल. पुढच्या वर्षी सरावाचे सगळे साहित्य मी स्वतः घेऊन येईन.


कऱ्हाकाठ

माझी बहीण कराडजवळच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात पर्यवेक्षिका आहे. तिला हा धागा वाचायला दिला. प्राचार्यांची परवानगी सोमवारी विचारते म्हणाली आहे, आणि चिठ्ठीचा नमुना आजच पाठवायला सांगितले आहे.